फराळाला हात किती?

दसरा उलटला की आमच्या इमारतीत जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी एकच प्रश्न फिरत असतो, “यंदा फराळ घरी करताय की विकत?” “घरी” म्हणणारीचा आवाज जरा चढा असतो. “विकत” म्हणणारी लगेच खुलासा जोडते. कंबर धरलीये, मुलीची परीक्षा आहे, ऑफिसात रजा नाही. असा खुलासा करताना मी अजून एकाही पुरुषाला ऐकलेलं नाही. त्याला मुळात कुणी विचारतच नाही.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही दर वर्षी याच प्रश्नावर दोन तट पडतात. एक म्हणतो, घरच्या चकलीची सर कशाला येत नाही, बाहेर तेल कुठलं वापरतात देव जाणे, आणि मुलांना आपल्या चालीरीती कळणार कशा? दुसरा म्हणतो, बाईने किती दिवस कढईशी उभं राहायचं, पैसे टाका आणि सुट्टी घ्या. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. म्हणून वाटतं, भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. फराळ कुठे झाला यावर आपण तावातावाने बोलतो. ताटात पदार्थ किती होते आणि ते करायला हात किती होते, याची चौकशी कुणी करत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पदार्थ निम्म्यावर आणा, हात दुप्पट करा आणि खुशाल घरी करा. हात वाढवता येत नसतील तर घरच्याचा आग्रह सोडा. ज्याने कधी झारा हातात धरलेला नाही, त्याने तर आधी सोडावा.

हे काही मला बसल्या जागी सुचलेलं नाही. दोन तऱ्हेच्या दिवाळ्या वाट्याला आल्या म्हणून दिसलं. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं, सासर साताऱ्याचं.

माहेरी नरकचतुर्दशीला ‘चावदिस’ म्हणतात. अंधारात तेल-उटणं लावून आंघोळ, मग तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणून ओरडायचं. कारीट म्हणजे रानवेलीवरचं कडूजहर फळ. त्याचा रस जिभेला लागला की तोंड वाकडं करत घरात पळायचं, पोहे खायला. आमचा दिवाळीचा फराळ म्हणजे हे पोहे. नुकतंच कापलेलं भात भिजवून, भाजून, वायनात म्हणजे उखळात कांडलेले. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, दुधातले पोहे, ताकातले पोहे, मिरची लावलेले तिखट पोहे, बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ. प्रकार चार-पाच, पण मुळात पदार्थ एकच, आणि तळण नावालाही नाही. शेजारून हाक यायची, “फॉव खावक येवा!” ऊन परसात उतरेपर्यंत चार घरचे पोहे पोटात गेलेले असत. गोव्यातही सकाळ अशीच. तिथे रात्रभर नरकासुर मिरवून पहाटे जाळतात आणि मग घरोघर फोव. कोकणात लाडू-करंज्या होत नाहीत असं नाही, पण त्या नसल्या म्हणून कुणाची दिवाळी अडलेली मी पाहिली नाही.

यावरून कोकणातली बाई मोठी सुखात होती असं कुणी समजू नये. पोहे कांडणं म्हणजे खांद्यातून जीव काढणारं काम. माझ्या आजीच्या तळहाताला मुसळाचे घट्टे होते, आम्ही लहानपणी ते दाबून बघायचो. पण वायनाशी दोघी समोरासमोर उभ्या असत, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, आणि तिसरी खाली बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात पोहे सारायची. एकटीदुकटीने करायचं ते काम नव्हतंच. पुढे गिरणीतले पोहे यायला लागले. मुसळ माळ्यावर गेलं. पहाटेची हाक मात्र राहिली. कष्ट कमी केले म्हणून सण फिका पडतो, असं कुणी म्हणालं की मला ती हाक आठवते.

लग्न होऊन साताऱ्याला आले आणि पहिल्याच दिवाळीला सासूबाईंनी बोटांवर मोजत यादी सांगितली. चकली, कडबोळी, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, करंज्या, अनारसे. नऊ. त्यातल्या एकट्या अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर सुकवून कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरायला ठेवायचं. एवढं करून ऐन तुपात अनारसा हसला की आपण रडायचं. चकलीच्या भाजणीच्या डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, आणि गिरणीवाल्याला दहादा बजावायचं की गव्हावर दळू नकोस बाबा, हरभऱ्यावर दळ. मला हे सगळं आवडलं होतं, खोटं कशाला सांगू? सोऱ्यातून पहिली काटेरी चकली उतरली तेव्हा मी ती कागदावरच चांगली मिनिटभर बघत बसले होते.

पण सासूबाईंच्या उमेदीत हे सारं वाड्यात होत असे. आज एकीकडे करंज्या, उद्या दुसरीकडे चकल्या. चौघी-पाचजणी जमत. एक लाटायची, एक सारण भरायची, एक कातण्याने कड कापायची, एक कढईशी. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या करंज्या आणि त्यांच्या वरून चालणाऱ्या गप्पा. सुनांचे गाऱ्हाणे सासवांच्या देखतच, पण गाण्याच्या चालीवर. नऊ पदार्थ होते खरे, पण प्रत्येक पदार्थाला चार जणींचे हात होते. मी सून होऊन आले तोवर वाडा पडून तिथे इमारत झाली होती. दारं बंद असायची. यादी मात्र नऊचीच राहिली. चौघींच्या हिशेबाने बेतलेली यादी एकीच्या गळ्यात पडली आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पदार्थ सगळ्यांनी मोजले होते, हात कुणीच मोजले नव्हते.

एका वर्षी मी चिडून वही घेतली. सामान आणण्यापासून शेवटची कढई घासेपर्यंत एकतीस तास झाले. त्यात नवऱ्याची चाळीस मिनिटं. गिरणीत जाऊन येणं, आणि “मीठ बघा हो जरा” म्हटल्यावर पहिल्या घाण्यातल्या तीन चकल्या खाणं.

ही आमच्याच घरची रड असती तर ती वहीतच राहिली असती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, लोकांचे दिवसाचे चोवीस तास कशात जातात याची. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात केलेल्या बायका होत्या ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आणि जे करतात त्यांच्यातही बाईची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. हे वर्षातल्या कुठल्याही साध्या दिवसाचं गणित आहे. या पाच तासांच्या डोक्यावर नऊ डबे चढवायचे आणि वर म्हणायचं, सणाचा आनंद घरच्या फराळातच असतो बाई.

आपल्या सरकारलाही मधे दिवाळी पिशवीत भरायची वेळ आली. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला. शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभराडाळ आणि एक लिटर पामतेल. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत त्यात मैदा आणि पोहे आले. ज्या घरात साखर चमच्याने मोजतात तिथे अशी पिशवी म्हणजे मोठा आधार, तिची टिंगल करायची माझी छाती नाही. फक्त त्या पिशवीकडे स्वयंपाकघरातून बघा. पोहे सोडले तर त्यातलं सगळं दळायचं, भाजायचं, वळायचं नाहीतर तळायचं. आणि ती पिशवी जिच्या हातात पडायची ती बहुधा दिवसभर मजुरी करून नाहीतर चार घरची भांडी घासून आलेली असायची. तिची दिवाळी रात्री दहानंतर सुरू होते.

तिच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ‘घरी की विकत’ या वादात ती कुठेच नसते. आपल्यातल्या पुष्कळ घरी ‘घरचा’ म्हणून जो फराळ मिरवतो, त्याला तिचा हात लागलेला असतो. “दोन दिवस जरा जास्त वेळ थांब गं” म्हणून तिला बोलावलं जातं. मोबदला काय? साडी आणि फराळाचा डबा. पैसे वेगळे देणारी घरंही आहेत, पण डब्यावर भागवणारी जास्त. तो डबासुद्धा बऱ्याचदा भाऊबीज होऊन गेल्यावर, घरच्यांना शंकरपाळे नकोसे झाले की भरला जातो. मी स्वतः भरलेला आहे असा डबा. आता आठवलं की बरं वाटत नाही.

आणि विकतचा फराळ तरी हवेतून येतो का? तोही कुणीतरी बाईच तळते, फक्त आपल्याला दिसत नाही. विकत आणणं ही काही कालपरवाची फॅशनही नाही. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबरचा ना नफा ना तोटा तत्त्वावरचा लाडू-चिवडा घ्यायला कित्येक वर्षं रांगा लागतात, आणि त्या रांगेत जुन्या पेठांतले लोकही असतात. त्याही आधीची गोष्ट घ्या. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभा राहिला. गच्चीवर जमून पापड लाटणं बायकांना नवं नव्हतंच. नवं एवढंच होतं की त्या कामाला मजुरी मिळाली आणि ती सगळ्यांत वाटली गेली. म्हणून बचत गटाकडून, नाहीतर गल्लीतल्या घरगुती करणाऱ्या बाईकडून फराळ घेण्यात मला जराही कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो तिच्याशी किलोमागे वीस रुपयांची घासाघीस करताना, कारण मॉलमधल्या चकचकीत खोक्यातल्या मिठाईचं बिल आपण मुकाट भरतो. पदार्थ निम्म्यावर आले तर उरलेल्याला तिचा योग्य भाव देणं परवडतंसुद्धा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, परंपरेचा. पण आपलं ताट कुठे मुळापासून जसंच्या तसं आहे? चिवड्यातले शेंगदाणे, काजू आणि मिरची अमेरिका खंडांकडून पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. ती काढून टाकली तर चिवड्यात पोहे आणि हळद उरेल. जे ताट एवढं बदलत आलं, त्याला दोन पदार्थ कमी झाल्याने काही होत नाही. आणि परंपरा पुढच्या पिढीला द्यायचीच असेल तर ती डबा उघडून खाण्यातून जात नाही. पाक एकतारी झाला का हे दोन बोटांत धरून बघायला शिकलेलं पोर एक पदार्थ जन्मभर विसरत नाही. नऊ पदार्थांच्या घाईत त्या पोराला आपण “तू मधे लुडबुडू नकोस, तेल उडेल” म्हणून हाकलतो. दोनच करायचे असले तर त्याच्यासाठी वेळ असतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. “बायकांनाच हौस असते हो, त्याच ऐकत नाहीत.” असते हौस. माझ्या जावेला कुणी करंजी करू नको म्हटलं तर ती आठवडाभर बोलणार नाही. आणि का बोलावं तिने? वर्षभर ती जे करते त्याला कुणी वा म्हणत नाही. दिवाळीत मात्र सगळं गणगोत तिची करंजी हातात घेऊन तिचे पापुद्रे मोजतं. तेवढी एक जागा आहे जिथे तिचं कसब दिसतं. ती जागा तिच्याकडून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. तिने करंजीच करावी, मन लावून करावी. चिवडा दिराने करावा. चिवड्याला काय लागतं? पातळ पोहे उन्हात ठेवायचे, मंद आचेवर परतायचे आणि फोडणी जाळायची नाही. दोन पदव्या घेतलेल्या माणसाला एवढं जमू नये?

आणि एक तिसरा पंथ हल्ली निघालाय, त्याच्यापासूनही मी चार हात लांब आहे. साधेपणाची हौस करणारा. पितळी ताटली, त्यात मधोमध एकच लाडू, शेजारी झेंडूचं फूल, फोटो, आणि खाली ‘आमची साधी दिवाळी’. ज्याच्या घरी बारा महिने गोडधोड आहे त्याला एका लाडवाचं कौतुक. ज्या घरात वर्षातून एकदाच कढईभर तेल ओतलं जातं, त्या घराने पाच पदार्थ केले तर मी कोण ‘साधं करा’ म्हणून सांगणार? माझं बोलणं माझ्यासारख्यांशी आहे, जिथे डबे भरतात आणि मग आठवडाभर ‘संपवा रे’ म्हणून मागे लागावं लागतं.

खरं तर साधं आणि सगळ्यांचं कसं करायचं, हे आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. भोंडल्याची खिरापत आठवा. झाकलेला डबा, आत काय ते ओळखा, आणि मग प्रत्येकीच्या हातावर चमचाभर. कुणाची वाटली डाळ, कुणाचे नुसते चुरमुरे. पदार्थ किती भारी यापेक्षा तो ओळखताना किती गोंधळ झाला यावर त्या दिवसाची मजा ठरायची. मी एकदा वाफवलेले शेंगदाणे नेले होते, अर्धा तास कुणाला ओळखता आले नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी घ्या. बाजारात त्या वेळी जे कोवळं असतं, पावटा, हरभरा, गाजर, वांगं, बोरं, ते सगळं एका कढईत, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सणाचं जेवण एवढंच, आणि थंडीत त्यासारखं दुसरं काही लागत नाही. कार्तिकातलं आवळीभोजन म्हणजे तर आपापला डबा घेऊन झाडाखाली बसायचं. अंगतपंगत हा शब्दच आपला आहे. तो आपण शाळेच्या मधल्या सुट्टीत सोडून आलो.

गंमत म्हणजे तो परदेशी गेलेल्या आपल्याच लोकांनी पुन्हा उचलला. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण सांगते, दिवाळी तिकडे बऱ्याचदा कामाच्या दिवशी येते, मदतीला ना सासू ना बाई. मग सात-आठ घरं मिळून वाटून घेतात. एकाने चकली, एकाने चिवडा, एकाने लाडू, आणि शनिवारी एकत्र बसून सगळ्यांचे डबे सगळ्यांत वाटायचे. चकली तिचा नवरा करतो, इथे असताना त्याला चहासुद्धा येत नव्हता. इथे त्याच घरातली धाकटी भावजय आजही एकटी सात पदार्थ करते आणि त्यातले दोन तिकडे कुरिअरने पाठवते.

गेल्या दिवाळीत डोंबिवलीच्या आमच्या घरी मी नऊची यादी मोडली. भाजणी आमच्या घरी, बेसनाचे लाडू वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे, शेव-चिवडा बचत गटाकडून, त्यांनी सांगितलेल्या भावाने. अनारसे कुणीच नाही. आणि चावदिसाच्या पहाटे सहा घरांना पोह्यांचं आमंत्रण, प्रत्येकाने एक प्रकार आणायचा. समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलाने ताकातले पोहे आणले. मीठ एवढं की पाहुणे ताकाचा तांब्या शोधायला लागले. पण त्याने ते पहाटे पाचला उठून स्वतः केले होते, आणि पातेल्याशी उभं राहून तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, जसे आम्ही बायका आजवर बघत आलो. कारीट मिळेना, तेव्हा कुणीतरी काकडीच फोडली आणि गोविंदा म्हणून ओरडलं.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. वय त्र्याऐंशी. सगळ्या प्रकारचे पोहे त्यांनी नीट चावून खाल्ले, तोंड पुसलं आणि विचारलं, “झालं? आता फराळ कधी?”

मी चकल्यांचा डबा पुढे केला. त्यांनी एक उचलली, दोन बोटांत मोडली, आवाज ऐकला.

“मोहन कमी पडलंय. कडक झाल्यात. केल्यात कुणी?”

दाराशी बशा गोळा करत असलेल्या त्यांच्या चोपन्न वर्षांच्या मुलाने हात वर केला.